वहिनींनी ऐकलेली टकटक

त्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचे ते मिस्त्री आणि बोलायच्या त्या वहिनी. सव्वीस वर्षं कामाची वाटणी अशीच चालत आली होती. गिऱ्हाईक विचारायचं, "काय झालंय हो गाडीला?" मिस्त्री हात पुसत वर बघायचे, "अं..." म्हणायचे, आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून शिवणयंत्र थांबवून वहिनी सांगायच्या, "क्लच गेलाय. परवा या." क्लच कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं. पण नवऱ्याच्या त्या 'अं'मधून पुढे काय निघणार, हे त्यांना पक्कं माहीत असायचं.

वहिनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. जाड रेक्झिन, मेणाचा दोरा, बोटाला अंगुस्तान. "इंजिनाचं मला विचारू नका, बसण्याचं विचारा," असं त्या म्हणायच्या. उसवलेली सीट बघून त्या माणूस ओळखायच्या. कोण एकाच कुशीवर रेलून गाडी चालवतं, कोणाचं लेकरू मागे बसून बिस्किटं खातं, कोणाच्या शेजारच्या सीटवर वर्षानुवर्षं कोणी बसलेलंच नाही. हे सगळं त्या शिवता शिवता सांगायच्या, आणि मिस्त्री गाडीखालून हुंकार द्यायचे. गाडीखालून हुंकार आला नाही तर वहिनी आणखी मोठ्याने सांगायच्या.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना मिस्त्रींच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अगदीच गेली असं नाही. 'अगं', 'हो', 'नाही' एवढे शब्द राहिले, त्यातही 'हो' म्हणायचं असलं की कधी 'नाही' निघायचं. आणि एक शिवी राहिली. ती मात्र अख्खी, स्वच्छ, जशीच्या तशी. आयुष्यात कधी मोठ्याने न दिलेली शिवी त्यांनी इस्पितळात मोठ्या डॉक्टरांना ऐकवली, तेव्हा वहिनींना हसावं की रडावं कळेना. डॉक्टर म्हणाले, "असं होतं. शब्द कुठल्या कप्प्यात राहतील ते सांगता येत नाही." मग आवाज उतरवून पुढे म्हणाले, "समज किती उरलीय, तेही हळूहळूच कळेल."

हे दुसरं वाक्य वहिनींच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

गॅरेज आता धाकटा बघत होता. धाकटा म्हणजे मिस्त्रींचा भाऊ, वहिनींचा दीर. पंचेचाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी सगळ्यांच्या तोंडी धाकटाच. हात चांगला होता त्याचा, पण स्वभाव घाईचा. दादा अर्धा दिवस ऐकत बसायचे तिथे हा पाच मिनिटांत निकाल द्यायचा. गॅरेजमागच्या घराच्या पडवीत मिस्त्री चाकांच्या खुर्चीत दिवसभर बसून असायचे. पडवीपासून गॅरेज तीस पावलं. पण आठ महिन्यांत त्यांनी खुर्ची तिकडे नेऊ दिली नव्हती. न्यायला लागलं की डाव्या हाताने चाक घट्ट धरून ठेवायचे.

आठवड्यातून दोनदा वाचा शिकवायला एक बाई यायच्या. त्या मिस्त्रींपेक्षा वहिनींनाच जास्त शिकवायच्या. "तुम्ही त्यांचं वाक्य पुरं करता. करू नका. मनात वीस आकडे मोजा, मग बोला."

"सव्वीस वर्षं मीच पुरं करत आलेय," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या.

वहिनींनी प्रयत्न केला. सातापुढे त्यांची गाडी कधी गेली नाही.

तर एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला ग्रंथपालबाईंची गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. बाई सार्वजनिक वाचनालयातून निवृत्त झाल्या होत्या. डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून क्लच नसलेली, आपले आपण गिअर बदलणारी गाडी त्यांनी बावीस वर्षांपूर्वी मुद्दाम शोधून घेतली होती. त्या गाडीची कव्हरं वहिनींनी तीनदा शिवली होती. त्यामुळे बाईंचा पाय कधी जास्त दुखतो, त्या कशा अवघडून बसतात, हे वहिनींच्या हाताला माहीत होतं.

गाडी आली ती टकटक करतच. उभ्या गाडीतूनही आवाज चालूच. लोखंडी दारावर कोणी बोटाच्या पेराने ठोठावत राहावं तसा. टक, टक, टक.

"दोन ठिकाणी दाखवून आले," ग्रंथपालबाई खिडकीची काच खाली करून म्हणाल्या. "दोघांनी सांगितलं, इंजिन संपलं. भंगारात घाला. या वयात मी दुसरी गाडी कुठून शिकू? आणि बिनक्लचची जुनी गाडी मिळतेय कुठे?" त्यांचा आवाज शांत होता, पण हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

धाकट्याने बॉनेट उघडलं, दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला, कान लावला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. आतलं बेअरिंग गेलंय. इंजिन उघडावं लागेल, आणि या वयाचं इंजिन उघडलं की..." पुढचं त्याने मानेनेच सांगितलं.

वहिनी दारातच उभ्या होत्या. तेवढ्यात मागून, पडवीतून, आवाज आला. "अगं!"

त्या धावत गेल्या. मिस्त्री खुर्चीत पुढे झुकून बसले होते. डावा हात वर, डोळे गॅरेजच्या दिशेला. ओठ हलत होते. कपाळावर घाम. मग एक शब्द बाहेर पडला. आठ महिन्यांतला पहिला नवा शब्द.

"ताट."

वहिनींना कोण आनंद झाला. "भूक लागली? अहो, सांगायचं तरी! आता वाढते." त्यांनी मनात दोनसुद्धा मोजलं नाही. अकरा वाजायच्या आत जेवण होतंच कुठे, तरी सकाळची भाजी, गरम भात, घाईघाईने ताट वाढून आणलं आणि मांडीवर ठेवलं. मिस्त्रींनी ताटाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. "नाही," म्हणाले. "ताट."

"हो, ताटच आहे. जेवा."

"ताट!" आणि डाव्या हाताने त्यांनी ताट असं लोटलं की भात पडवीभर झाला. पाठोपाठ ती शिवी आली.

वहिनी वाकल्या. खाली बसून भात गोळा करू लागल्या. समज किती उरलीय तेही हळूहळू कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते; ते असं कळायचं होतं तर, असा विचार त्यांच्या मनात आला आणि फरशी धूसर झाली. भात भरत भरत त्या खुर्चीच्या पायांपाशी आल्या. वर पाहिलं तर मिस्त्रींचे डोळेही भरलेले. रागाचे नव्हते ते डोळे. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगायचं राहून गेलं की ते जसे बघायचे, तसेच बघत होते. दूर गॅरेजमध्ये गाडीची टकटक अजून चालूच होती, आणि मिस्त्रींचं डावं बोट खुर्चीच्या दांड्यावर त्याच लयीत पडत होतं.

वहिनी उठल्या. ताट घासलं, पुसलं, कोरडं करून पुन्हा आणलं. रिकामं. ते त्यांच्या हातात दिलं, समोर पाटावर बसल्या आणि तोंड मिटून मोजायला लागल्या. सातला जीभ वळवळली. तिला दातांखाली धरलं. दहा. बारा.

मिस्त्रींनी ताट उभं केलं. गुडघ्यांच्या मध्ये धरून डाव्या हाताने ते चाकासारखं हळूहळू फिरवलं. थांबले. मग नखाने ताटाच्या मधोमध एक रेघ ओढली, गोलाकार, अर्ध्यापर्यंत. पुन्हा ताट फिरवलं आणि दर फेऱ्याला एकदा त्यावर बोट आपटलं. टक. फिरवलं. टक.

वीस कधीच उलटले होते.

"गाडीत असं काही आहे?" वहिनींनी हळूच विचारलं. "ताटासारखं? फिरणारं?"

"नाही," मिस्त्री म्हणाले, आणि मान मात्र हो म्हणून इतक्या जोरात हलवली की वहिनींनी मानेवर विश्वास ठेवला.

"आणि ते चिरलंय?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. कोणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसे त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचं चाक धरलं, आणि गॅरेजच्या दिशेला ढकललं.

तीस पावलं वहिनींनी खुर्ची ढकलत नेली. मांडीवर स्टीलचं ताट. धाकट्याने ते बघितलं आणि त्याला हसू आलं. "वहिनी, दादांना इथे जेवायला वाढणार का?"

"आधी ऐक," वहिनी म्हणाल्या, आणि ताट फिरवून दाखवलं, रेघ दाखवली, बोट आपटून दाखवलं.

धाकट्याचं हसू हळूहळू मावळलं. "प्लेट," तो स्वतःशीच म्हणाला. मग ग्रंथपालबाईंना समजावल्यासारखं पण खरं तर स्वतःलाच सांगू लागला, "क्लचच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जड चाक असतं. या गाडीत त्या जागी पातळ पोलादी प्लेट असते. ताटाएवढीच. ती तडकली तर आवाज करेल... पण हा आवाज तर इंजिनाचाच वाटतो, दादा. अगदी बेअरिंगचा."

मिस्त्रींनी चार बोटं वर केली. एक मिटलं. ते उघडलं, दुसरं मिटलं. हे मात्र धाकट्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याने इंजिन चालू ठेवून एका प्लगची वायर काढली. बेअरिंग गेलेलं असेल तर त्या सिलिंडरचा जोर बंद झाला की टकटक नरम पडते. नाही पडली. दुसरी काढली, तिसरी, चौथी. गाडी लंगडायची, थरथरायची, पण टकटक आपली तशीच, वाणसामानाची यादी वाचावी तशी एका सुरात.

"बेअरिंग नाही," धाकटा म्हणाला. दादांकडे न बघता म्हणाला.

आता आवाज नेमका कुठून येतो ते खाली जाऊन ऐकायचं होतं. गॅरेजच्या मधोमध खड्डा होता, त्यावर गाडी घेतली, चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले. दादांची ऐकायची काठी, हातभर लांबीची, सागाची, अजून खिळ्याला टांगलेली होती. धाकटा ती घेऊन उतरायला लागला, तर मिस्त्रींनी "नाही" म्हटलं, आणि या खेपेला मानही नाहीच म्हणाली. त्यांनी बोट दाखवलं ते वहिनींकडे.

"वहिनी काय ऐकणार?" धाकटा म्हणाला.

पण वहिनींच्या लक्षात आलं. कधी काळी, गाडीखालून, मिस्त्री एक वाक्य नेहमी म्हणायचे. ज्याने आधीच ठरवलंय, त्याला तेच ऐकू येतं. धाकट्याने सकाळी इंजिन ठरवलं होतं. वहिनींनी काहीच ठरवलेलं नव्हतं.

त्यांनी पदर खोचला आणि शिडीवरून खड्ड्यात उतरल्या. सव्वीस वर्षं या गॅरेजमध्ये काढली, पण त्या खड्ड्यात त्यांचा पाय पहिल्यांदा पडला. खाली तेलाचा, थंड मातीचा वास होता. तोच वास मिस्त्रींच्या शर्टाला यायचा आणि त्या धुताना कुरकुरायच्या. वर ग्रंथपालबाई ब्रेकवर पाय घट्ट दाबून बसल्या, त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली. आवाज वाढला. मिस्त्री खड्ड्याच्या काठाशी खुर्चीत, हातात टॉर्च. टॉर्चचा उजेड जिथे पडेल तिथे काठी टेकवायची.

पहिल्यांदा उजेड पुढे, इंजिनाच्या पोटाखाली पडला. वहिनींनी काठीचं एक टोक तिथे टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला. आणि त्या दचकल्या. काठीतून अख्खं इंजिन कानात शिरलं होतं. घरघर, सळसळ, काहीतरी वर-खाली, काहीतरी गोल गोल, सगळं आपापल्या ठिकाणी, दाटीवाटीने. टकटक होती, पण दूर, शेजारच्या घरात चाललेली. म्हणजे हा माणूस सव्वीस वर्षं हे ऐकत होता. आपण मागच्या खोलीतून कोणाची सीट कुठे उसवली ते सांगत होतो, आणि याच्या कानात हे एवढं सगळं चाललेलं होतं. आणि तरी तो हुंकार द्यायचा.

"बारीक आहे," त्या वर बघून ओरडल्या.

उजेड मागे सरकला. गिअरबॉक्सच्या शेपटाकडे. तिथे जवळजवळ काहीच नाही. मग उजेड मधे आला, जिथे इंजिन संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो, त्या फुगीर कवचावर. वहिनींनी काठी टेकवली आणि कान झटकन मागे घेतला. कोणी कानाच्या पडद्यावरच ठोकलं होतं.

"इथे!" त्या म्हणाल्या. "अहो, इथे!"

मिस्त्रींनी टॉर्च विझवला.

गाडी बंद करून धाकट्याने कवचाखालचं छोटं झाकण काढलं, आत प्लेटचे बोल्ट पाना लावून तपासले. एकेक करून सगळे. वर आला तेव्हा चेहरा पडलेला होता. "सगळे घट्ट आहेत. चीरही दिसत नाही इथून. दादा, गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे पुरा दिवस. उतरवून काही निघालं नाही, तर..." तो थांबला. त्याला काय म्हणायचं होतं ते गॅरेजमधल्या प्रत्येकाला कळलं. नुसता दिवस वाया जाणार नव्हता. काही निघालं नाही, तर दादा यापुढे फक्त पडवीत बसणारा माणूस होणार होता. त्याला दादाला असं तोंडघशी पाडायचं नव्हतं.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री त्यांच्याकडे बघत नव्हते, धाकट्याकडेही नाही. ते गाडीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा शांत होता.

"उतरव," वहिनी म्हणाल्या.

"गाडी माझी आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर डावा पाय लांब करून बसल्या होत्या. "म्हणून माझंही ऐका. उतरवा. मी चाळीस वर्षं वाचनालयात काढली. मोठ्याने बोलणाऱ्यांपेक्षा गप्प बसणाऱ्यांनाच पुस्तक बरोबर कुठे आहे ते माहीत असायचं."

गिअरबॉक्स उतरेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. मिस्त्री सकाळपासून खड्ड्याच्या काठाशी होते. जेवायलासुद्धा हलले नाहीत, वहिनींनी तिथेच घास भरवले. धाकटा खालून बाहेर आला. हातात ती प्लेट होती. मधल्या बोल्टांच्या गोलाभोवती चीर गेली होती, नखाने ओढलेल्या रेघेएवढी बारीक, जवळजवळ पाऊण फेरा. काल तपासलेले कडेचे बोल्ट घट्टच होते. तडकलेलं होतं ते त्यांच्या आतल्या बाजूचं पोलाद. आणखी महिनाभरात मधला भाग सुटाच झाला असता.

धाकट्याने प्लेट फडक्याने पुसली आणि दादांच्या मांडीवर ठेवली. मग तिथेच उकिडवा बसला. "दादा," शेवटी तो म्हणाला, "मला वाटलं होतं, तू..." आणि त्याने ते वाक्य पुरं केलं नाही, आणि कोणीच पुरं केलं नाही.

मिस्त्रींनी डावा हात त्याच्या टकलावर ठेवला.

तशी प्लेट मिळायला सहा दिवस गेले. धाकट्याने जुन्या गाड्या मोडणाऱ्या तीन आवारांत फिरून एक शोधून आणली. आणली ती आधी दादांच्या हातात दिली. मिस्त्रींनी ती उजेडात धरली, नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला, मान हलवली. मग धाकट्याने ती बसवली. गाडी चालू केली तेव्हा इतकं गप्प झालं की ग्रंथपालबाई म्हणाल्या, "चालू आहे ना?"

चाचणीसाठी एक फेरी मारायची होती. बाईंनीच चालवायची, कारण गाडी त्यांच्या पायाला ओळखत होती. धाकट्याने मिस्त्रींना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. वहिनी मागे बसल्या, स्वतःच शिवलेल्या कव्हरवर. सवयीने बोटाने शिवण चाचपली. शिवण जागच्या जागी होती. आठ महिन्यांत इस्पितळ सोडून ही त्यांची दोघांची पहिलीच बाहेरची फेरी.

शाळेच्या भिंतीजवळून, पाण्याच्या टाकीजवळून गाडी गेली. पहिल्या सिग्नलला बाईंनी ब्रेक दाबून गाडी गिअरमध्येच थांबवली, कारण तसं थांबल्यावरच आवाज सगळ्यांत जास्त यायचा. मिस्त्रींनी डोळे मिटले. वहिनींच्या तोंडात दहा प्रश्न आले. ठीक आहे ना? ऐकू येतंय का? दमलात का? त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. एका दुकानात माणूस काचा पुसत होता. कोणीतरी सायकलवरून उशा नेत होतं. त्यांनी आकडेही मोजले नाहीत.

सिग्नल सुटला. गाडी निघाली. आणि पुढच्या सीटवरून, अडखळत, मधे एक मोठी जागा ठेवून, दोन शब्द आले.

"छान... चाललीय."

वहिनींनी ओठ घट्ट मिटून घेतले. आरशात ग्रंथपालबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

चौक आला. डावीकडे वळलं की गॅरेज. बाईंनी गाडी हळू केली. "वळू ना? घरी?"

मिस्त्रींनी डावा हात उचलला आणि बोट सरळ, समोरच्या रस्त्याकडे केलं.

"तिकडे कुठे?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींचं बोट तसंच समोर राहिलं. बाईंनी मागे वळून वहिनींकडे पाहिलं, कारण मिस्त्रींच्या मनातलं त्याच सांगतील अशी सगळ्या गावाला सवय होती.

"मला नाही माहीत," वहिनी म्हणाल्या, आणि हसल्या. "जाऊ द्या सरळ."